४० लाखांना ४० टक्के : उद्यमबागेतल्या एका स्टार्टअपच्या पहिल्या भांडवलाचे प्रकरण

बेळगावात पैसा आहे. पतपुरवठा सोसायट्यांच्या ठेवींत आहे, प्लॉटांत आहे, सोन्यात आहे, उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखानदारांच्या चालू खात्यांतही आहे. व्याज, भाडे आणि भागीदारी हे तीन प्रकार त्या पैशाला पाठ आहेत. शेअर घ्या, सहा-सात वर्षे विसरा आणि बुडाले तर बुडाले म्हणा, हा चौथा प्रकार त्याला नवा आहे. पुढचे प्रकरण याच चौथ्या प्रकारचे. दोन तरुणांनी २०२४ साली आपल्या कंपनीसाठी पहिले भांडवल कसे उभे केले, कोणाला नाही म्हटले आणि त्यात काय अर्धवट राहिले, त्याची ही नोंद. नावे गाळली आहेत आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे करून गोल केले आहेत. हिशेबाचा सांगाडा मात्र तोच आहे.

दोघांना आपण वाळूवाला आणि सर्किटवाला म्हणू. वाळूवाल्याचे वडील तीस-पस्तीस वर्षे फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर होते. पोरगा मेकॅनिकल करून त्याच उद्योगात शिरला. सर्किटवाला निपाणीकडचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकून बेंगळुरूला नोकरी करून परत आलेला. जून २०२३ मध्ये दोघांनी बेळगावच्या पत्त्यावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. १० हजार शेअर, वाळूवाल्याकडे ६ हजार, सर्किटवाल्याकडे ४ हजार. ही ६०-४० वाटणी कशावरून ठरली, याचा कागद कुठेच नव्हता.

माल काय होता

ओतकामात साच्याची वाळू हा रोजचा डोकेदुखीचा विषय. बेंटोनाइट (चिकटपणा आणणारी माती), कोळशाची पूड आणि पाणी मिसळलेली वाळू मिक्सरमधून मोल्डिंगला जाते. ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल (वायूची पोकळ भोके) येतात, कमी झाली की साच्याच्या कडा ढासळतात. साधारण तीन-साडेतीन टक्के ओल बरी, पण एप्रिलच्या उन्हात परत येणारी वाळू गरम असते आणि जुलैत बेळगावची हवाच ओली असते. त्यामुळे सकाळचा हिशेब दुपारी चालत नाही.

जुने मोल्डर, म्हणजे साचे करणारे कारागीर, ही परीक्षा मुठीने करतात. वाळू मुठीत दाबायची, ढेकळाचे मधोमध दोन तुकडे करायचे आणि तुटलेली कड बघायची. कड धारदार राहिली, तळहाताला चिकटले नाही, की वाळू तयार. या दोघांनी मिक्सरवर बसणारा सेन्सर आणि त्याला जोडलेले सॉफ्टवेअर बनवले. ओल आणि तापमान दर बॅचला नोंदवायचे, पुढच्या बॅचला पाणी किती ते सांगायचे आणि रिजेक्शनच्या, म्हणजे बाद मालाच्या, रजिस्टरशी सांगड घालायची. पहिल्या चाचणीत एका वयस्कर मोल्डरने आकडा बघायच्या आधी मूठ दाबली, ‘पाणी उणं हाय’ म्हणाला. स्क्रीनवर २.६ होते. त्यानंतर त्या कारखान्यात यंत्राला कोणी हसले नाही. मला विचाराल तर त्या म्हाताऱ्याची मूठ या कंपनीच्या कुठल्याही सादरीकरणापेक्षा वजनदार होती, आणि सादरीकरणात तिला एक ओळही नव्हती.

पैशाच्या भाषेत हिशेब असा. एका लाइनवर महिन्याला ३०० टन माल निघतो असे धरा. रिजेक्शन एका टक्क्याने घटले तर ३ टन वाचले. नाकारलेला माल पुन्हा वितळवता येतो, तरी वीज, मजुरी, वाळू यांत किलोमागे ५० रुपये बुडाले असे धरले, तर महिन्याला दीड लाख वाचले. त्यासाठी लाइनमागे १५ हजार रुपये महिना मागणे अवाजवी नव्हते.

एप्रिल २०२४ मध्ये परिस्थिती अशी होती : तीन फाउंड्रीत यंत्र बसलेले, त्यातली एकच पैसे देणारी. घरचे आणि साठवणीचे ९ लाख संपत आलेले. पुढच्या दीड वर्षासाठी ५० लाखांची गरज काढलेली. त्यात चार माणसांचे पगार २५ लाख, २५ यंत्रांचा खर्च १५ लाख, प्रवास, सर्व्हर, हिशेबनीस वगैरे ५ लाख आणि हाताशी ५ लाख.

शेठचा प्रस्ताव

पैसे देणारी ती एकच फाउंड्री ज्यांची, त्या शेठनी एक दिवस दोघांना केबिनमध्ये बसवून घेतले आणि थेट आकडा सांगितला. ४० लाख देतो, ४० टक्के द्या. अट एकच : दोन वर्षे हे यंत्र कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा बेळगावातल्या दुसऱ्या फाउंड्रीला द्यायचे नाही.

घरी आनंदीआनंद. वाळूवाल्याच्या वडिलांच्या दृष्टीने तर ज्या उद्योगात त्यांनी हयात काढली, त्यातला मालक मुलाचा भागीदार होणार होता. ‘मालक पाठीशी असल्यावर कशाला भिऊलास?’ हा त्यांचा प्रश्न. तो चुकीचा म्हणता येत नाही. शेठ व्यवहाराला चोख, वेळेवर पैसे देणारे, आणि ५० पैकी ४० लाख एका दमात येत होते.

दोघे माझ्याकडे सल्ल्यासाठी कागद घेऊन आले तेव्हा पहिल्यांदा आम्ही पुढच्या फेरीचा तक्ता मांडला. ४० लाखांना ४० टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत १ कोटी, येण्याआधी ६० लाख, शेअरमागे ६०० रुपये. आज संस्थापकांकडे ६० टक्के उरतात, ऐकायला ठीक वाटते. पण वर्ष-दीड वर्षाने मोठा गुंतवणूकदार आला की तो कर्मचाऱ्यांसाठी साधारण १० टक्के शेअर बाजूला काढायला लावणार आणि स्वतः २० टक्के घेणार. मग प्रत्येकाचा वाटा आधी ०.९ ने आणि नंतर ०.८ ने गुणायचा. संस्थापकांचे ६० चे ४३.२ होतात. त्यातले वाळूवाल्याचे २५.९, सर्किटवाल्याचे १७.३. शेठचे ४० चे होतात २८.८. म्हणजे कंपनीत रोज राबणाऱ्या दोघांपैकी कोणाहीपेक्षा शेठचा वाटा मोठा, आणि ते तर गिऱ्हाईकही. सर्किटवाला तक्त्याकडे बघून गप्प झाला. आधी ४० टक्क्यांना हरकत नाही म्हणणारा तोच होता.

टक्क्यांपेक्षा अट जास्त जाचक होती. मे महिन्यात दोघे राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला एका गुंतवणूकदाराला भेटून आले होते. त्याने तंत्रज्ञानावर फार वेळ घालवला नाही. पैसे देणारी गिऱ्हाईके किती, आणि त्यांतली आधीपासून ओळखीची नसलेली किती, एवढेच विचारले. पहिल्याचे उत्तर एक, दुसऱ्याचे शून्य. दहा झाली की या, म्हणाला. आता बेळगावच्या फाउंड्री वर्तुळात अनोळखी कोण? अनोळखी गिऱ्हाईक शोधायचे तर घाट उतरून कोल्हापूरकडेच जावे लागणार. शेठची अट नेमकी तोच रस्ता बंद करत होती. ४० लाख घेऊन दोन वर्षे एकाच माणसाचे काम करायचे, याला नोकरी म्हणतात, आणि नोकरीच करायची तर सर्किटवाल्याला बेंगळुरूत जास्त पगार होता.

अटीच्या मागे काय होते

या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग इथे आहे. बहुतेक जण अशा वेळी एकतर प्रस्ताव घेतात नाहीतर नाते तोडून बाहेर पडतात. वाळूवाल्याने तिसरेच केले. त्याने शेठना विचारले, की शिरोलीच्या फाउंड्रीला यंत्र मिळाले तर तुमचे नुकसान नक्की कसे होते?

शेठनी आधी स्पर्धा वगैरे सांगितले. पण त्यांचा माल वेगळा, शिरोलीच्या त्या फाउंड्रीचा वेगळा, गिऱ्हाईकही वेगळे. थोडे खोदल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. यंत्रात रिजेक्शनचे रजिस्टर जात होते. कुठल्या कास्टिंगला किती टक्के माल बाद होतो, हा आकडा शेठनी कधी स्वतःच्या भावालाही नीट सांगितला नसेल. तो त्यांच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदी विभागाच्या हाती लागला, तर पुढच्या दराच्या बोलणीत तोच आकडा त्यांच्या तोंडावर फेकला जाणार. ‘आज तुम्ही माझी पोरं. उद्या तुमच्याकडं दुसऱ्याचा पैसा येणार. मग माझं रजिस्टर कुणाच्या टेबलावर?’

भीती माहितीची होती आणि उपाय भागीदारीत शोधला जात होता. मालक झालो की माहिती आपल्या ताब्यात राहील, असा तो सरळ हिशेब. एकदा हे कळल्यावर करारात नवे कलम आले : फाउंड्रीचा रिजेक्शनचा तपशील तिच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही द्यायचा नाही, गुंतवणूकदारालासुद्धा. सॉफ्टवेअर सुधारायला आकडे वापरले तरी कास्टिंगचे नाव आणि गिऱ्हाईकाचे नाव काढून. करार संपला की तीस दिवसांत सगळी माहिती परत आणि आपल्याकडची पुसून टाकायची. शेठच्या वकिलाने त्यात नुकसानभरपाईची ओळ घातली आणि दोघांनी ती मान्य केली.

त्यानंतर भागीदारीचा विषय शेठनीच बाजूला ठेवला आणि तीन लाइनींची ऑर्डर दिली. यंत्राचे १ लाख १० हजार आणि सहा महिन्यांचे आगाऊ भाडे ९० हजार, लाइनमागे २ लाख, एकूण ६ लाख. वर जीएसटी वेगळा. (जीएसटीचे पैसे खात्यात आल्यावर आपलेच समजून खर्च करणारे नवउद्योजक मी इतके पाहिले आहेत की हा कंस आवश्यक आहे.) या ६ लाखांवर ना व्याज, ना शेअर. शिवाय बेंगळुरूच्या माणसाला दाखवायला एक छापील खरेदी आदेश.

मामा नातेवाईक आहे का?

दुसरा पैसा घरचा. अकरा जण तयार होते : मामा, दोन काका, आत्या, मावशी, दाजी, वडिलांचे मित्र, एक शाळासोबती. प्रत्येकी १ ते ५ लाख, बेरीज २६ लाख. गडहिंग्लजच्या काकांना रोख द्यायचे होते. दाजींना शेअरही हवे होते आणि बँकेच्या ठेवीइतके व्याजही. वाळूवाल्याने उत्साहाच्या भरात गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्या बेळगावच्या कंपनीत गुंतवणुकीची संधी’ असा मेसेजही टाकला होता. तो आधी काढायला लावला.

कारण कंपनी कायदा, २०१३. कलम ४२ प्रमाणे प्रायव्हेट कंपनीला शेअर देण्यासाठी जाहिरात करता येत नाही. ज्याला देऊ करायचे त्याच्या नावाने प्रस्तावपत्र काढायचे, आर्थिक वर्षात अशी जास्तीत जास्त २०० माणसे. पैसे ज्याचे त्याच्याच बँक खात्यातून यायला हवेत आणि शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवायला हवेत. आपल्याकडे निम्मे घर सोसायटीत व्यवहार करते आणि कंपनीचे खातेही ‘आपल्याच सोसायटीत’ उघडा असा आग्रह झाला, तो इथे चालत नाही. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे, वाटपानंतर १५ दिवसांत त्याचा पीएएस-३ हा सरकारी फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. भावकीतला पैसा सकाळी येतो आणि संध्याकाळी यंत्राच्या सुट्या भागांत खर्च होतो, तेव्हा हे सगळे राहून जाते.

इथेही एक गोष्ट आधीच राहून गेली होती. २०२३ च्या दिवाळीत मामांनी ३ लाख कंपनीच्या खात्यात टाकले होते. ‘ठेव म्हणून, पुढं शेअर बघू.’ कागद नाही, वाटप नाही. कायद्याच्या नजरेत असा पैसा ठेव ठरण्याचा धोका असतो, आणि प्रायव्हेट कंपनीने बाहेरच्यांकडून ठेवी घेणे हा गंभीर मामला आहे. संचालकाच्या नातेवाईकाकडून कर्ज घेण्याची सवलत आहे, फक्त त्याने हे पैसे उसने आणलेले नाहीत असे लिहून द्यायचे. पण नातेवाईक म्हणजे कोण, याची यादी कंपनी कायद्यात ठरलेली आहे : आईवडील, नवराबायको, मुले, सून, जावई, भाऊ, बहीण, आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य. मामा त्या यादीत नाही. आयकर कायदा मात्र भेटवस्तूच्या बाबतीत आईवडिलांच्या भावाबहिणींना नातेवाईक धरतो. म्हणजे मामांनी भाच्याला व्यक्तिशः ३ लाख भेट दिले, तर भाच्यावर कर नाही आणि भाचा संचालक म्हणून ते कंपनीला देऊ शकतो. तेच पैसे भाच्याने मामांकडून उसने आणून कंपनीला कर्ज दिले तर नाही, कारण संचालकालाही उसने नसल्याचे लिहून द्यावे लागते.

मामांना भेट द्यायची नव्हती, कंपनीत असायचे होते. म्हणून ३ लाख व्याजासह परत केले गेले आणि मामा रीतसर प्रस्तावपत्रावर पुन्हा आले. सीएने या एका दुरुस्तीला जितका वेळ घेतला तितक्यात आख्खी फेरी उरकली असती.

मग उरलेल्यांची चाळणी. वाळूवाल्याने मराठीत एक पानाचे पत्रक केले आणि प्रत्येकाच्या घरी बसून वाचून दाखवले. हे पैसे पूर्ण बुडू शकतात. व्याज मिळणार नाही. पाच-सात वर्षे परत मागता येणार नाहीत, विकायचे तर आधी संस्थापकांना विचारावे लागेल. कंपनी मोठ्या कोणी विकत घेतली आणि बहुमताने विकायचे ठरले तर तुम्हालाही त्याच भावाने विकावे लागेल. इंग्रजी करार वेगळा होता, पण माणसे सही करताना याच पानाकडे बघत होती. ‘म्हंजे बुडाले तर बुडाले, असंच की?’ मामांनी विचारले. असंच, म्हटल्यावर त्यांनी २ लाखांचे ४ केले. दाजी व्याज नाही म्हटल्यावर बाहेर पडले. रोख देणारे काका रोखीवर अडून बसले, त्यांनाही नको म्हटले.

मावशींचा प्रसंग अवघड गेला. त्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, ठेव मोडून ५ लाख द्यायला तयार. पत्रक ऐकूनही त्यांचा निश्चय कायम होता. सर्किटवाल्याचे म्हणणे, त्या सज्ञान आहेत, समजून देत आहेत, घ्यावेत. माझे मत स्पष्ट होते आणि आजही आहे : ज्याची ठेव मोडते त्याचा पैसा पहिल्या फेरीत घेऊ नये. त्या बोलणार नाहीत, पण प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला संस्थापक त्यांच्या समोर ताठ बसू शकणार नाही. अशा दडपणाखाली माणूस धंद्यात चुकीचे निर्णय घेतो. दोघांनी अखेर नको म्हटले. मावशी काही महिने दुखावल्या होत्या.

पाच जण राहिले, १६ लाख. कंपनीची किंमत आधी १ कोटी ६० लाख धरली, शेअरमागे १,६०० रुपये, नवे १,००० शेअर, म्हणजे ९.०९ टक्के. ही किंमत कुठून आली, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर हेच, की १६ लाख हवे होते आणि दहाच्या आत टक्के द्यायचे होते. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल कायद्याने लागतो, तो घेतला, आणि त्यातली पुढच्या पाच वर्षांची विक्री वाचून आम्ही तिघे जरा वेळ हसलो. वर्षाच्या सुरुवातीला सीएला एंजल टॅक्सची धास्ती होती. २०१२ साली आलेल्या या तरतुदीने वाजवी बाजारमूल्याच्या वर घेतलेला पैसा कंपनीचे उत्पन्न ठरायचा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आकारणी वर्ष २०२५-२६ पासून ती रद्द झाली, त्यामुळे ऑक्टोबरमधले हे वाटप त्या कचाट्यातून सुटले. अहवालाची गरज मात्र कंपनी कायद्यामुळे उरतेच.

कोणीतरी कन्व्हर्टिबल नोट सुचवली होती, म्हणजे आज कर्ज आणि पुढे शेअर. ती मान्यताप्राप्त स्टार्टअपलाच काढता येते आणि एका गुंतवणूकदाराकडून एकरकमी किमान २५ लाख असावे लागतात. मामांच्या ४ लाखांना ती लागूच नाही.

वडगावातल्या घरावर सोसायटीकडून २० लाख उचलण्याचा पर्याय वडिलांनी दोनदा मांडला. साडेतेरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी महिन्याचा हप्ता ४६ हजार, आणि त्या वेळी कंपनीची महिन्याची मिळकत १५ हजार. विषय तिथेच संपला.

अनुदान, आणि कोणाचे आधी

कंपनी नोंदवतानाच एका कोल्हापूरच्या स्नेह्याने सांगितले होते की गिऱ्हाईक घाटाखाली आहे तर नोंदणीही तिकडेच करा. दोघांनी बेळगाव ठेवले, कारण कर्नाटक सरकारच्या ‘एलिव्हेट’ योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यासाठी कंपनी कर्नाटकात असावी लागते. सीमाप्रश्नावर दोघांच्या घरची मते काय असायची ती आहेत, भागधारकांच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही. गिऱ्हाईक कुठल्या राज्यातले याने फक्त बिलावरचा जीएसटीचा प्रकार बदलतो.

केंद्राची ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजना २०२१ ची. २०२४ साली तिचे नियम असे होते : ती मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थांमार्फत, चाले. नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे. अर्जाच्या वेळी कंपनीला दोन वर्षे उलटलेली नसावीत. म्हणजे यांच्यासाठी जून २०२५ ही सीमा. आणि एक अट अनेकांच्या नजरेतून सुटते : केंद्राच्या किंवा राज्याच्या दुसऱ्या योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त रक्कम आधी मिळालेली असेल तर अर्ज करता येत नाही. स्पर्धेतले बक्षीस त्यात धरत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा. एलिव्हेटचे समजा २५ लाख आधी आले असते तर केंद्राचे दार बंद झाले असते. दोघांनी केंद्राचा अर्ज आधी केला, तीन इन्क्युबेटरांच्या पसंतीक्रमात हुबळीचे नाव पहिले टाकले, आणि राज्याचा नंतर.

हुबळीच्या समितीसमोर इंग्रजी सादरीकरण सर्किटवाल्याने केले. वाळूवाला कन्नडमध्ये प्रश्नांना उत्तरे देत होता आणि तोच जास्त भावला, असे नंतर कळले. १५ लाख मंजूर झाले, टप्प्याटप्प्याने, कामाचा टप्पा दाखवल्यावर पुढचा हप्ता. अनुदानाची गंमत अशी की मंजुरीच्या पत्राने पगार होत नाहीत. पहिला हप्ता येईपर्यंतचे महिने शेठच्या आगाऊ पैशांवर निघाले. एलिव्हेटमध्ये निवड झाली नाही.

६, १६ आणि १५ मिळून ३७ लाख झाले, हवे होते ५०. उरलेल्या १३ साठी शेठकडे परत जावे असा विचार एकदा झाला. त्याऐवजी गरजच कापली. २५ ऐवजी १४ यंत्रे, ८ लाख ४० हजार. चारऐवजी तीन माणसे, दीड वर्षाचे १८ लाख ९० हजार. इतर खर्च ५ लाख तसाच. शिल्लक ४ लाख ७० हजार. विक्रीसाठी माणूस घ्यायचा होता, ते पद गेले आणि वाळूवाला स्वतः मोटारसायकलवर शिरोलीच्या गेटांवर उभा राहू लागला.

सध्याची स्थिती

पुढच्या फेरीचा तोच तक्ता या मार्गाने मांडला, कर्मचाऱ्यांचे १० आणि गुंतवणूकदाराचे २० धरून, तर संस्थापकांचे ६५.५ टक्के राहतात आणि नातलगांचे साडेसहा. हे लिहिताना सहा फाउंड्रींतल्या नऊ लाइनी पैसे देत आहेत. त्यातल्या दोन फाउंड्री घाटाखालच्या, आणि दोघांपैकी कोणाच्याच ओळखीच्या नव्हत्या. त्यांतल्या एकीच्या मालकाने करार वाचताना माहितीच्या कलमावर बोट ठेवले आणि हे कोणी घालायला लावले ते विचारले. नाव अर्थातच सांगितले नाही. वसुली मात्र रखडते. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, पण नवे गिऱ्हाईक कायद्याचे नाव काढून टिकवता येत नाही, हे दोघांना कळून चुकले आहे.

बेंगळुरूचा गुंतवणूकदार पुन्हा बोलतो आहे. त्याने पहिला मुद्दा काढला तो त्या ६०-४० चा. दोघांपैकी एक उद्या सोडून गेला तर त्याचे शेअर त्याच्याकडेच राहणार का? चार वर्षांत टप्प्याने शेअर पक्के व्हावेत, पहिल्या वर्षाच्या आत गेला तर काही नाही, ही सर्वसाधारण रीत. सर्किटवाल्याचे म्हणणे, सॉफ्टवेअर सगळे मी लिहिले, तेव्हा आधी ५०-५० करू, मग टप्पे. वाळूवाल्याचे म्हणणे, गिऱ्हाईक सगळे मी आणले. ऑक्टोबरमध्ये पाच नातलगांनी सह्या केलेल्या भागधारक करारात या विषयावर एकच ओळ आहे : संस्थापक आपसात वेगळा करार करतील. त्या वेगळ्या कराराचा तिसरा मसुदा सध्या दोघांकडे आहे आणि शनिवारी मामांच्या घरी बैठक ठरली आहे.